गाडी केव्हा तापते? कोकणच्या उन्हात क्लासिक स्पोर्ट्‌स कार थंड ठेवण्याची रीत

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्यातही पारा बहुतेक दिवशी ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. तिकडे विदर्भात याच दिवसांत ४४-४५ चा आकडा कुणाला नवा वाटत नाही. तरी कोकणात जुनी एमजी किंवा ट्रायम्फ उकळली की दोष दमट हवेला दिला जातो. दमटपणाने तापतो तो माणूस, कारण घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम नसतो. त्याला कळतं ते हवेचं तापमान आणि जाळीतून जाणाऱ्या हवेचा वेग. कोकणात गाडीचे हाल होतात ते दुसऱ्या कारणांनी: खारी हवा जाळी खाते, तांबडी धूळ तिच्यात बसते, घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढावे लागतात आणि फेरीबोटीच्या रांगेत गरम इंजिन बंद करून उभं राहावं लागतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक आठवडा फक्त निरीक्षण करा. गाडी नेमकी केव्हा तापते ते वहीत लिहा. उभी असताना किंवा बाजारपेठेतल्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर दोष हवेच्या बाजूला आहे: पंखा, बेल्ट, जाळीच्या फिन (नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या), किंवा मागे पडलेलं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. मोकळ्या रस्त्यावर ७०-८० च्या वेगात हळूहळू चढत राहतो, तर पाणी पुरेसं फिरत नाही: नळ्या चोंदल्यात, खालचा होज चपटा होतोय किंवा ब्लॉकमध्ये गाळ आहे. फक्त घाटात चढतो, तर दोन्हींकडे थोडं थोडं कमी आहे. आणि काटा ठीक असताना बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी सुरूच होत नसेल, तर ती तक्रार पाण्याची नाही, पेट्रोलची आहे. या चार गोष्टींची गल्लत होते म्हणून लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, आणि गाडी तशीच उकळत राहते.

पुढचे आकडे एमजीबी समोर ठेवून दिले आहेत. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. इंजिन १७९८ सीसीचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. स्पिटफायर, मिजेट, हेराल्ड यांना रीत हीच, आकडे मात्र आपापल्या हँडबुकातले घ्यावेत.

आधी काटा खरा बोलतो का ते बघा

पन्नास-साठ वर्षांच्या मीटरवर विश्वास ठेवून खर्च सुरू करू नका. जुन्या एमजींत बारीक तांब्याच्या नळीने जोडलेला यांत्रिक गेज असतो. त्याचा बल्ब हेडमधून सांभाळून काढा, नळीला पीळ पडू देऊ नका, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा. किनाऱ्यावर आपण समुद्रसपाटीलाच आहोत, त्यामुळे साधं पाणी इथे १०० अंशांनाच उकळतं. काटा तेव्हा जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करने बारीक खूण करा. मीटरवरच्या ‘एन’ (नॉर्मल) अक्षरापेक्षा ही खूण जास्त कामाची.

शिवाय इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ असावा. तो चकचकीत पितळेवर चुकीचं कमी तापमान दाखवतो. वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. गरम इंजिन, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वाट उघडणारी झडप) उघडलेला, रेस, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, साधारण १५००. वरच्या आणि खालच्या टाकीत ६ ते १० अंशांचा फरक असेल तर रेडिएटर काम करतोय. फरक दोन-तीन अंशच आहे आणि गाडी तापतेय, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता घेऊन जात नाही. फरक वीसच्या पुढे असेल तर पाणीच रखडतंय.

जाळी: कोकणातला खरा गुन्हेगार

समुद्राजवळच्या गाडीची जाळी बाहेरून छान काळी दिसते आणि आतून गेलेली असते. तांब्याच्या पातळ फिन पितळी नळ्यांना डाखाने जोडलेल्या असतात. खाऱ्या दमट हवेने हा जोड सुटतो. नळी शाबूत, गळती नाही, पाणी व्यवस्थित वाहतं. पण नळीतली उष्णता फिनपर्यंत पोचतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. टॉर्च घेऊन जाळीच्या खालच्या तिसऱ्या भागात बघा. फिनच्या मुळाशी हिरवट पूड दिसेल. तिथे नखाने हलकं दाबा. चांगली फिन वाकते आणि परत येते. गेलेली फिन बिस्किटासारखी चुरून हातात येते. अशी जाळी धुवून, ब्रश मारून सुधारत नाही. तिला नवा कोअरच हवा.

कोअर बदलायला मूळ रेडिएटर टाकून देऊ नका. वरची-खालची पितळी टाकी आणि बाजूच्या पट्ट्या ठेवून आतली जाळी तेवढी नवी घालणारे कारागीर मोठ्या गावांत अजून आहेत. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. जाळी तांबं-पितळेचीच हवी. फिन इंचाला १० ते १२ असाव्यात, कारण त्यापेक्षा दाट जाळीतून कमी वेगात हवा ओढली जात नाही आणि धूळही लवकर बसते. आणि रंग काळा, मॅट, एकच पातळ हात. जाड ऑइल पेंटचे दोन हात दिलेली जाळी म्हणजे गोधडी पांघरलेली जाळी. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त बिघडते, कारण जाड रंगाने काम नवं दिसतं.

जाळी चांगली असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची धुलाई करा. नळाचं साधं पाणी, कमी दाब, आणि इंजिनच्या बाजूने ग्रिलच्या दिशेने, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. तेलाच्या ओशटपणावर बसलेली तांबडी धूळ पाण्याने सुटत नाही. भांड्यांचा पातळ साबण फवारा, दहा मिनिटं थांबा, मग धुवा. सर्व्हिसिंग सेंटरमधला प्रेशर गन जवळही आणू देऊ नका, फिन आडव्या होतात. गुहागर, तारकर्ली, आरे-वारे असा किनाऱ्याने फेरफटका झाला की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने जाळी धुवायची सवय लावा.

जाळीच्या कडेनेही हवा पळते. रेडिएटर आणि बॉडीच्या पत्र्यामधल्या फटींत मुळात फोम किंवा रबराच्या पट्ट्या असतात. त्या बहुतेक गाड्यांतून नाहीशा झालेल्या असतात. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. फटी बुजवल्या की ती जाळीतून जाते. पन्नास-शंभर रुपयांच्या फोमने होणारं हे काम आहे. ग्रिलसमोरचे मोठे स्पॉट लॅम्प आणि क्लबचे बिल्ले उन्हाळ्यापुरते काढून ठेवा.

ब्लॉकमधला गाळ

बिडाच्या ब्लॉकमध्ये गंज मागच्या सिलिंडरांभोवती साठतो, कारण तिथे पाण्याचा वेग सर्वांत कमी. नुसता रेडिएटर रिकामा करून नवीन कूलंट भरलं तर हा गाळ तसाच राहतो. ब्लॉकच्या मागच्या भागात बाजूला एक ड्रेन प्लग किंवा नळ असतो. तो उघडा. बऱ्याचदा एक थेंबही येत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘ब्लॉक रिकामा आहे.’ सायकलचा जुना आरा घ्या आणि भोकातून आत खुपसून हलवा. आधी चिऱ्याच्या खाणीतल्या चिखलासारखा तांबडा गाळ येईल, मग धार लागेल.

आता आतून साफ करायचं. तांब्याची कळशी आमसुलाने उजळते तेच तत्त्व इथे आहे, पण इंजिनात आमसूल, चिंच, व्हिनेगर काही नको. मीठ आणि चोथा नळ्यांत अडकतो. सायट्रिक ॲसिड वापरा, लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ६ लिटरच्या गाडीला ३०० ग्रॅम. कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या. हीटरचा नळ पूर्ण उघडा, पाणी भरा, इंजिन चालू तापमानावर आणून वीस मिनिटं चालवा. गार होऊ द्या, रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून काढा. मग लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घातलेलं पाणी भरून दहा मिनिटं चालवा, म्हणजे उरलेलं ॲसिड मरेल. शेवटी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हेड ॲल्युमिनियमचं असेल, जसं जुन्या जॅग्वार एक्सकेचं, तर ॲसिडचं प्रमाण आणि वेळ दोन्ही निम्मे करा. एक इशारा आधीच देऊन ठेवायला हवा: गंजानेच बुजलेलं एखादं भोक यात उघडं पडू शकतं. गळती नंतर घाटात कळण्यापेक्षा अंगणात कळलेली बरी.

भरताना विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींत क्षार येतात, आणि जांभ्या दगडातलं पाणी आम्लाकडे झुकणारं, लोहयुक्त असतं. दोन्ही धातूला खातात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. कूलंट निम्मं-निम्मं घालण्याची गरज नाही, इथे पाणी गोठत नाही. उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. एक तृतीयांश कूलंट गंज रोखायला पुरे: ६ लिटरमध्ये २ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि ४ लिटर पाणी. डबा कॉन्सन्ट्रेटचा आहे की तयार मिश्रणाचा ते नीट वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातलं तर गंजरोधक इतका पातळ होतो की असून नसल्यासारखा. डाखाच्या जोडांच्या रेडिएटरला सिलिकेटवालं जुन्या पद्धतीचं कूलंट वापरावं, ऑरगॅनिक ॲसिडवालं नको. आधी कॉन्सन्ट्रेट ओता, मग पाणी, कारण ब्लॉकमध्ये धुण्याचं थोडं पाणी राहिलेलंच असतं. दर दोन वर्षांनी बदला.

हवा काढायला गाडीचं नाक चढाकडे करून उभी करा. कोकणात अशी जागा शोधावी लागत नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, बुडबुडे थांबले की पातळी पूर्ण करा. वेगळी टाकी नसलेल्या गाडीत पातळी तोंडापासून साधारण एक इंच खाली ठेवायची. काठोकाठ भरलं तर गाडी तेवढं पाणी बाहेर टाकते आणि मालक घाबरून परत भरतो. तो दोष नाही, फुगणाऱ्या पाण्याची ती जागा आहे. बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर मात्र हेडगॅस्केट तपासून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

झाकण, थर्मोस्टॅट, होज, बेल्ट

झाकण ही स्वस्त वस्तू म्हणून दुर्लक्षित राहते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ७ पीएसआयच्या दाबाखाली सुमारे १११, १० च्या खाली ११५ आणि १५ च्या खाली १२१ अंशांना. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी उगाच लवकर उकळतं. गाडीच्या मूळ आकड्याचंच झाकण घाला. ‘जास्त दाब म्हणजे जास्त सुरक्षित’ या समजुतीने १० च्या जागी १५ लावलं की जुन्या टाकीचा डाख उघडतो किंवा हीटरची जाळी फुटून पायावर गरम पाणी येतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. करू नका. थर्मोस्टॅट प्रवाहाला वळण लावतो. तो नसला की बऱ्याच इंजिनांत पाणी जवळच्या वाटेने परत फिरतं, मागचे सिलिंडर तापत राहतात, आणि काटा मात्र थंड दाखवतो. काढायचाच असेल तर त्या जागी कंपनीची कोरी बाही बसवावी लागते. त्यापेक्षा गरम प्रदेशासाठीचा ७४ अंशांचा थर्मोस्टॅट घाला, नाहीतर ८२ चा. बसवण्याआधी दोऱ्याला टांगून पातेल्यात तापवा, थर्मामीटर बाजूला धरा आणि आकड्याच्या दोन अंश इकडे-तिकडे उघडतो का बघा. कडेच्या पट्टीला ३ मिलिमीटरचं भोक पाडून ते भोक वर येईल असा बसवा. अडकलेली हवा तिथून निघते.

खालचा होज पंपाच्या ओढीखाली असतो. त्यात आतून स्प्रिंग हवी. बोनेट उघडून ३००० ची रेस द्यायला सांगा आणि दुरूनच होजकडे बघा. चपटा होत असेल तर मोकळ्या रस्त्यावर तापण्याचं कारण सापडलं. फॅनबेल्ट सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच लवावा.

टायमिंग आणि मिश्रण

रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो, पण ती किती तयार व्हावी ते इथे ठरतं. नॉक होते, म्हणजे इंजिन ठकठकतं, म्हणून टायमिंग मागे घेतलेल्या गाड्या खूप आहेत. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टच्या वाटेवर चालू राहतं आणि हेडच तापतं. स्ट्रोब लाइटने टायमिंग हँडबुकाप्रमाणे आणा, आणि नॉक थांबवायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला. व्हॅक्युम ॲडव्हान्सची (ओढीवर ठिणगी पुढे घेणाऱ्या भागाची) नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून बघा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट हलली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केली तर ओढ टिकली पाहिजे. नाही टिकली तर आतला पडदा फाटलाय.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. एसयू कार्ब्युरेटरची जेट-नट एकेक बाजू, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, खाली घेत चला. प्रत्येक वेळी कार्ब्युरेटरचा पिस्टन सुमारे ०.८ मिलिमीटर उचलून ऐका. रेस क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. वाढून तशीच राहिली तर मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. पडली तर मिश्रण अजूनही पातळच आहे. बहुधा एक-दोन बाजूंत काम होतं.

पंखा

मोटारीचा पंखा बसवायचा तर जाळीच्या मागे, हवा ओढणारा. पुढे लावलेला पंखा चालत्या गाडीत वाऱ्याला अडवतो. वेगळा रिले, १५-२० ॲम्पियरचा फ्यूज, आणि ९२ ला चालू व ८७ ला बंद होणारा थर्मल स्विच. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. तिथे पंख्याच्या दोन्ही तारा बॉडीपासून वेगळ्या ठेवा आणि दिशा तपासा: ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो जाळीकडे ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उडून आला तर तारा उलट. आणि त्या गाड्यांत डायनमो २२ ॲम्पियरचा, आयडलवर तर जेमतेम. आठ-दहा ॲम्पियरचा पंखा आणि हेडलाइट मिळून रांगेत बॅटरी रिकामी करतात.

फेरीबोटीची रांग

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, कुठेही हेच होतं. उतार उतरून गाडी धक्क्यावर येते, इंजिन बंद होतं, पंखा आणि पाणी थांबतं, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बोनेटखालचं तापमान चढत जातं. पेट्रोल पंप इंजिनवरच असलेल्या स्पिटफायर, हेराल्डमध्ये पाइपातच पेट्रोलची वाफ होते. एमजीबीचा पंप मागे टाकीजवळ असल्याने तिथे हा त्रास कमी, पण कार्ब्युरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल तिथेही उकळतं.

बोट लागली आणि गाडी सुरू होत नाही, तर आधी वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल उतू जाऊन इंजिनात गेलंय. चोक नको, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. वास अजिबात नसेल तर वाफ अडकलीय. ओला पंचा पंपावर आणि पाइपावर पाच मिनिटं ठेवा. काचेची वाटी असेल तर तिच्यावर नको, तडकते.

हे होऊ नये म्हणून: रांगेत थांबताच बोनेट उघडा, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये हीट शील्ड व फिनॉलिकचा (उष्णता न वाहणाऱ्या प्लास्टिकचा) जाड स्पेसर बसवा, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब न्या. रबरी पाइप इथेनॉलला टिकणारा, ‘एसएई जे-३० आर-९’ छापलेला घ्या. जुना साधा पाइप आतून मऊ होतो, बाहेरून फुटतो, आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकतं. या एका कामात टाळाटाळ चालणार नाही.

घाट चढताना

कोकणातून देशावर जाणारे कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे सगळे घाट पूर्वेकडे चढतात. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, म्हणजे गाडीच्या पाठीमागून. तुम्ही ताशी ३० ने चढताय आणि मागून १५ चा वारा आहे, तर ग्रिलला मिळतो तो अर्धाच. पहाटे मतलई वारे समोरून येतात, हवाही सात-आठ अंशांनी थंड असते. घाट सकाळी आठच्या आत चढून जा. गाडी तयार करण्याच्या कुठल्याही खर्चाइतकाच याचा उपयोग होतो.

तिसऱ्या गिअरमध्ये रडत चढवू नका. दुसऱ्यात २५०० ते ३००० रेस ठेवा, पंप आणि पंखा तेवढे जोरात फिरतात. काटा चढू लागला की हीटर पूर्ण उघडा, ब्लोअरसह. तो छोटा रेडिएटरच आहे. अंगाला भाजतं, पण काटा उतरतो. तरी चढत असेल आणि वाफ नसेल, तर रुंद वळणावर थांबून इंजिन लगेच बंद न करता १५०० च्या रेसवर दोन मिनिटं चालू द्या. वाफ दिसली किंवा पाणी गेलंच असेल तर तत्काळ बंद.

झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. नंतरही जाड फडकं घेऊन पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबली की मगच काढा. तापलेल्या ब्लॉकमध्ये झऱ्याचं गार पाणी ओतलं की हेड तडकतं. इंजिन हाताला सोसेल इतकं निवलं, की सुरू करून थोडं थोडं भरा. डिकीत ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक फॅनबेल्ट, दोन होज क्लिपा आणि जाड सुती फडकं एवढं कायम असू द्या, आणि चालवणाऱ्यासाठी कोकम सरबताची बाटली. घाटात चढ्या काट्याकडे बघून योग्य वेळी थांबायला त्याचंही डोकं थंड लागतं.